बाभळीचे नाव आणि वॉटलचे घर

बाभळीचे आडनाव गेले ते जुलै २००५ मध्ये, व्हिएन्नात. बांधावरच्या बाभळीला याचा पत्ता नाही आणि तिच्या सावलीला बैल सोडून भाकरी खाणाऱ्यालाही नाही. त्या महिन्यात जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ झाडांच्या नावांचे तंटे सोडवायला तिथे जमले होते. त्यांच्यापुढचा सर्वांत कडवट तंटा ‘अकेशिया’ या नावाचा होता. ग्रीक भाषेत ‘अकिस’ म्हणजे टोक, काटा. नाईलकाठच्या काटेरी, डिंकाळ झाडाचे नाव त्यावरून पडले असे मानतात. १७५४ मध्ये फिलिप मिलर या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने ते शास्त्रात प्रजातीचे नाव म्हणून आणले आणि त्या प्रजातीचा नमुना ठरली आपली बाभूळ, अकेशिया निलोटिका. अडीचशे वर्षे हे असेच चालले. व्हिएन्नानंतर नमुना बदलला, नाव ऑस्ट्रेलियातल्या बिनकाट्याच्या वॉटल झाडांकडे गेले, बाभूळ झाली ‘व्हॅचेलिया’ आणि आपला खैर झाला ‘सेनेगॅलिया’.

तंट्याचे मूळ साधे होते. अकेशिया या एका नावाखाली साडेतेराशेच्या आसपास जाती कोंबलेल्या होत्या आणि त्यातल्या साडेनऊशेहून अधिक एकट्या ऑस्ट्रेलियात होत्या. हे एक कुटुंब नाही, निदान पाच वेगळी बिऱ्हाडे आहेत हे उघड झाल्यावर प्रश्न आला की घराची पाटी कोणी ठेवायची. नियमाने ती बाभळीची होती, कारण नमुना तिचा होता. डोकी मोजली तर ऑस्ट्रेलियाची होती, कारण हजारभर नावे बदलण्यापेक्षा दीड-दोनशे बदलणे सोपे. शास्त्रज्ञांच्या समितीने ऑस्ट्रेलियाच्या बाजूने शिफारस केली. व्हिएन्नात सुमारे ५५ टक्के मते त्या शिफारशीच्या विरुद्ध पडली, पण ती फेटाळायला ६० टक्के लागत होती, म्हणून ती टिकली. २०११ च्या अधिवेशनात त्यावर कायमचे शिक्कामोर्तब झाले. ते अधिवेशन मेलबर्नला भरले होते, म्हणजे वॉटलच्या माहेरीच.

निर्णय व्यवहाराला धरून होता असे मला वाटते. ज्या रीतीने तो टिकला ती रीत मात्र आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या अनेकांच्या घशाखाली उतरली नाही, तेही रास्तच. गंमत अशी की व्हॅचेलिया हे नावही दक्षिण भारताच्या वनस्पतींवरच्या पुस्तकातूनच आलेले आहे. मद्रासला नोकरी केलेल्या रॉबर्ट वाइटने आणि त्याचा सहकारी आर्नॉट याने १८३४ मध्ये ते घडवले, मकावमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका पाद्र्याच्या नावावरून. बाभूळ शेवटी कंपनीच्या पाद्र्याच्या आडनावाने नांदू लागली.

शास्त्रज्ञांनी बाभळीचे नाव काढून घेतले, आणि आपण मराठी माणसे तेच नाव आल्यागेल्याला वाटत सुटलो. मेक्सिकोकडून आलेली सुबाभूळ ही बाभूळ नाही. माळरानावर माजलेली वेडी बाभूळ हीही बाभूळ नाही, तीही अमेरिकेची. आणि कोकणात, गोव्यात रस्त्याकडेला कोयत्यासारखी पाने गाळत उभी असलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ हे तर वॉटलच्याच खानदानातले झाड. शिरीषाच्या गोतावळ्याशी तिचे नाते बाभळीपेक्षा जवळचे आहे. नाव दिले की ओळख झाली असे आपण धरून चालतो. म्हणून या पाहुण्याच्या घरी एकदा जाऊन यावे म्हणतो. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय फूल ठरलेली ‘गोल्डन वॉटल’ ही जात घेतो, कारण तिचा इतिहास सर्वांत बोलका आहे.

आधी ‘वॉटल’ हा शब्द. कोकणातल्या वाचकाला तो समजावून सांगायला नको. काटक्या, कारवी, कामट्या विणून त्यावर माती-शेणाचा गिलावा दिला की आपल्याकडे कुडाची भिंत होते. इंग्लंडातही खेड्यापाड्यांत अशाच भिंती होत्या आणि त्यातल्या विणलेल्या काटक्यांना वॉटल म्हणत. १७८८ मध्ये सिडनीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या गोऱ्यांनी, म्हणजे बहुतांशी शिक्षा झालेले कैदी आणि त्यांचे राखणदार यांनी, पहिल्या झोपड्या अशाच उभारल्या. ज्या झुडपाच्या लवचीक फांद्या त्यांनी कुडाला वापरल्या त्याला वॉटल हे नाव चिकटले. ते झुडूप मुळात अकेशिया नव्हतेच. ते होते कॅलिकोमा नावाचे ओढ्याकाठचे वेगळेच झाड, पण त्याची गोंडेदार फुले अकेशियासारखी दिसत. पुढे नाव फुलांच्या मागे गेले आणि सगळ्या अकेशियांचे झाले. म्हणजे वॉटल म्हणजे कुडाचे झाड, आणि तेही दुसऱ्याचे उचललेले नाव. बाभळीचे आडनाव नेणाऱ्याने स्वतःचे पहिले नावसुद्धा उसने आणलेले आहे!

आता झाड पाहू. गोल्डन वॉटल, अकेशिया पिक्नँथा, हे मोठे झुडूप किंवा लहान वृक्ष. उंची साधारण तीन ते आठ मीटर. साल कोवळेपणी गुळगुळीत, वयाबरोबर खरबरीत आणि काळपट. काटा एकही नाही. आयुष्य पंधरा ते तीस वर्षे, म्हणजे आंब्या-फणसाच्या हिशेबाने पाहिले तर बिचारे अल्पायुषी. आणि पाने, ती नाहीतच. जे पानासारखे दिसते, नऊ ते पंधरा सेंटीमीटर लांबीचे, चकचकीत, विळ्यासारखे वाकलेले, तो देठ आहे. पान गळून गेले आणि देठाने चपटे होऊन त्याचे काम अंगावर घेतले.

हे ऐकीव वाटत असेल तर त्याचा पुरावा प्रत्येक रोपात सापडतो. बी रुजून पहिली पाने येतात ती पिसासारखी, बारीक दलांची, अगदी आपल्या बाभळीच्या किंवा चिंचेच्या पानासारखी. मग एखादे पान असे येते की ज्याचा देठ रुंदावलेला आहे आणि त्याच्या टोकाला पिसारा अजून लटकतो आहे. पुढच्या पानांत पिसारा आणखी लहान होतो, मग तो नाहीसा होतो आणि फक्त देठ उरतो. कोकणातल्या कुठल्याही रोपवाटिकेत ऑस्ट्रेलियन बाभळीच्या काळ्या पिशव्यांपाशी जरा वाकून पाहिले तर हेच दृश्य दिसेल. एका हाताच्या उंचीत त्या झाडाच्या पूर्वजांचा सगळा इतिहास वाचता येतो. ऑस्ट्रेलियात अकेशियाचे अश्मीभूत परागकण सुमारे अडीच कोटी वर्षांपासूनचे सापडतात. त्या काळात तो खंड हळूहळू कोरडा होत गेला. कोवळी, पसरट, पाणी उडवणारी पाने परवडेनाशी झाली तेव्हा जाड सालीचा, उभा लोंबणारा देठ कामाला आला. दुपारचे ऊन त्याच्या कडेवर पडते, अंगावर पडत नाही.

फूल म्हणून आपण जो पिवळा गोंडा पाहतो तो एक समूह असतो. एकेका गोंड्यात चाळीस ते शंभर फुले, प्रत्येकाला नखाएवढ्याही नव्हे अशा पाच पाकळ्या आणि बाहेर झेपावलेले पुष्कळ पुंकेसर. पिवळेपणा सगळा त्या केसरांचा. असे गोंडे मंजिरीवर दाटीवाटीने येतात, म्हणून तर पिक्नँथा, म्हणजे दाट फुलांची. ऑस्ट्रेलियातला हिवाळा संपत आला की, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास, निलगिरीच्या करड्या-हिरव्या रानाखाली हे झाड पेटल्यासारखे उठून दिसते. आपल्याकडे याच दिवसांत, श्रावणाच्या आगेमागे, बाभळीवर पिवळे गोंडे असतात. दोन्ही गोंडे शेजारी ठेवले तर जाणत्यालाही घटकाभर विचार करावा लागेल.

या फुलात मध नसतो. मध असतो देठाच्या त्या पानाच्या बुडाशी, एका बारीकशा ग्रंथीत. तो चाखायला लहान पक्षी येतात. त्यात आपल्या चष्मेवाल्याचा ऑस्ट्रेलियन भाऊबंदही आहे. फांदीवर मध टिपताना त्यांचे डोके, छाती गोंड्यांना घासते आणि पराग लागतो. स्वतःच्या परागाने या झाडाला फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तेव्हा पक्ष्याने पुढच्या झाडावर जाणे ही झाडाची गरज, आणि त्याची मजुरी फुलाबाहेर मांडून ठेवलेली.

शेंगा उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या डिसेंबर-जानेवारीत, पिकतात. आत काळ्या, चमकदार बिया आणि प्रत्येक बीला एक तेलकट, मांसल देठ. तो मुंग्यांसाठी. मुंग्या बी वारुळात नेतात, देठ खातात आणि बी तिथेच टाकतात, जमिनीखाली, आगीपासून दूर. बीचे कवच इतके टणक की पाणी आत शिरत नाही. ते वर्षानुवर्षे मातीत पडून राहते. मग कधीतरी रान पेटते, जमीन तापते, कवचाला तडा जातो आणि पहिल्या पावसाबरोबर हजारो बिया एकदम रुजतात. जळलेल्या रानात सर्वांत आधी उठणाऱ्यांत वॉटल असते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र ओढून घेतात, म्हणून राखेखालच्या निकस मातीतही त्याला चणचण भासत नाही. ते जमीन थोडी सावरते, वीस-पंचवीस वर्षांत मरते आणि जागा निलगिरीला मोकळी करते.

हे सगळे कुठे, तर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एअर द्वीपकल्पापासून पश्चिम व्हिक्टोरियातून न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण भागापर्यंत. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, माती उथळ आणि गरीब, वर विरळ निलगिरी. पक्षी, मुंग्या, वणवा, निलगिरीची सावली आणि पुढे येणार आहे ती एक बारीकशी गांधीलमाशी, एवढे मिळून ते झाड होते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात यातली उंची, देठाची लांबी आणि गोंड्याचा व्यास येतो. उरलेल्याला ‘अधिवास’ म्हणून शेवटची एक ओळ मिळते. गेल्या दोनशे वर्षांत झाले ते त्या शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

त्या रानात माणसे हजारो वर्षे राहत होती. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी वॉटलचा डिंक पाण्यात भिजवून, मध घालून गोड चघळण करून खाल्ला. बाळंतिणीला डिंकाचे लाडू करणाऱ्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. सालीतला तुरट अंश जखमेला उपयोगी हेही त्यांना ठाऊक होते. रान कधी आणि किती जाळायचे याचे त्यांचे शास्त्र होते आणि वॉटलचे वय त्या आगीच्या फेऱ्याशी जुळलेले होते.

१८३६ मध्ये वसाहतीचा मुख्य भूमापक थॉमस मिचेल या मुलखातून गेला. आज ज्याला उत्तर व्हिक्टोरिया म्हणतात तिथे, पिरॅमिड हिल आणि लॉडन नदीच्या दरम्यान, त्याने या झुडपाची फांदी उचलली. ती इंग्लंडला पोहोचली आणि १८४२ मध्ये जॉर्ज बेंथमने तिला नाव दिले. बेंथम कधीही ऑस्ट्रेलियाला गेला नाही. वाळलेल्या फांद्यांवरून त्याने त्या खंडाची अख्खी वनस्पतिसंपदा सात खंडांत लिहून काढली आणि ते काम आजही उपयोगी पडते, हे त्याचे मोठेपण. पण फांदीबरोबर जे आले नाही त्याचीही नोंद इतिहासाने ठेवलेली आहे. त्याच मोहिमेत, त्याच वर्षी मे महिन्यात, मरे नदीच्या काठी मिचेलच्या माणसांनी आदिवासींवर गोळ्या झाडल्या आणि निदान सात जण मारले गेले. मिचेलने त्या टेकडीला नाव दिले ‘माउंट डिस्पर्शन’, म्हणजे पांगापांगीचा डोंगर. ज्याने झुडूप नोंदवले त्यानेच हेही नाव नोंदवले.

पुढे साल बाजारात गेली. वॉटलच्या सालीत टॅनिन भरपूर, आणि गोल्डन वॉटलच्या सालीत तर सगळ्या वॉटलांपेक्षा जास्त. कातडे कमावायला ते उत्तम. आपल्याकडे हेच काम बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने केले. कोल्हापुरी चपलेच्या चामड्याला जो रंग आणि जो वास आहे तो त्यातलाच. सात-दहा वर्षांचे झाड तोडायचे, साल सोलायची आणि जहाजात भरायची असा तिकडचा धंदा चालला. व्यापारात पुढे काळी वॉटल सरस ठरली, कारण ती वाढते भराभर आणि साल देते जास्त. पण तोवर वॉटलच्या बिया जगाच्या वाटेला लागलेल्या होत्या.

ज्यांनी साल सोलली त्यांच्याच नातवंडांना फुलांचा अभिमान वाटू लागला. वसाहती एकत्र येऊन देश झाला आणि १ सप्टेंबर १९१० ला सिडनी, मेलबर्न, अॅडलेडमध्ये ‘वॉटल दिन’ साजरा झाला. १९१२ च्या राजचिन्हात कांगारू आणि एमूच्या मागे वॉटलची फांदी आली. १९८४ मध्ये हिरवा आणि सोनेरी हे अधिकृत राष्ट्रीय रंग झाले. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत, क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जो पिवळा रंग आपल्या डोळ्यांत खुपला, तो हाच. आणि १ सप्टेंबर १९८८ ला गोल्डन वॉटल अधिकृतपणे राष्ट्रीय फूल झाले. ते वर्ष गोऱ्यांच्या वसाहतीच्या द्विशताब्दीचे होते. त्याच वर्षी २६ जानेवारीला आदिवासींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सिडनीत फार मोठा मोर्चा काढला. २६ जानेवारी, आपल्या प्रजासत्ताक दिनाची तारीख, हा त्यांच्या लेखी आक्रमणाचा दिवस. म्हणून देशाचा दिवस २६ जानेवारीऐवजी १ सप्टेंबरला, वॉटलच्या फुलोऱ्यात, साजरा करावा अशी मागणी तिकडे काही जण करतात. मला ती शहाणपणाची वाटते. निदान ते फूल त्या मातीत सगळ्यांच्या आधीपासून होते.

आता हेच फूल समुद्रापलीकडे पाहा. १८५८ ते १८६५ च्या दरम्यान गोल्डन वॉटल दक्षिण आफ्रिकेत केपला नेली गेली. दोन कारणे, वाळूचे ढीग थोपवायचे आणि साल मिळवायची. हवा ओळखीची निघाली, पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा आणि रानाला वणव्याची सवय. केपच्या ‘फिनबॉस’ या झुडपी रानातल्या हजारो जाती जगात दुसरीकडे कुठे नाहीत आणि त्यांनाही आग लागतेच. पण गरीब माती हा फिनबॉसचा पाया आहे. वॉटलने त्या मातीत नत्र भरला, ओढ्यांच्या कडेने वर चढत पाणी ओढले आणि प्रत्येक वणव्यानंतर मातीतल्या बियांचा साठा उघडून दाट झाडोरा उभा केला. खाली फिनबॉसला ऊन मिळेना. जे झाड घरी जमीन सावरून बाजूला होत होते, तेच इथे मुक्काम ठोकून बसले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, झाडाचे नसते. झाड आले, त्याच्या शेंगांचे आणि कळ्यांचे वैरी मागे राहिले.

त्यातला एक वैरी शेवटी माहेराहून बोलवावा लागला. ट्रायकिलोगॅस्टर नावाची एक बारीकशी गांधीलमाशी वॉटलच्या कळीत अंडी घालते. फुलाऐवजी तिथे गाठी येतात, द्राक्षांच्या घडासारख्या, कधी इतक्या जड की फांदी मोडते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती केपमध्ये सोडली आणि गोल्डन वॉटलचे बी धरणे फार कमी झाले. ज्या फुलाला पुढे-मागे त्याच काळात एका देशाने राष्ट्रीय मान दिला, त्याच फुलाला दुसऱ्या देशाने उमलू न देण्याची तजवीज केली. दोघेही बरोबर होते. वर्णभेदी राजवट गेल्यावर १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ‘वर्किंग फॉर वॉटर’ ही योजना काढली. बेकार माणसांना रोजगार देऊन परकी झाडे तोडायची आणि नद्यांचे पाणी वाचवायचे, अशी ती कल्पना. २०१८ मध्ये केप टाउनचे नळ कोरडे पडायची वेळ आली तेव्हा पाणलोटातल्या या झाडांचा हिशेब पुन्हा एकदा निघाला.

हे ऐकून वॉटलला खलनायक ठरवायचा मोह होतो. तो आवरावा, कारण आपल्या बाभळीनेही परदेशात काही कमी केलेले नाही. १८९० च्या दशकात भारतीय उपखंडातली बाभूळ क्वीन्सलंडला गेली. उघड्या माळावर मेंढ्यांना सावली हवी होती आणि शेंगांचा चारा हवा होता. गाईगुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बिया पसरल्या आणि आज साठ लाखांहून अधिक हेक्टर माळ बाभळीने व्यापला आहे. तिकडे ती राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत आहे. ज्या गवताला तिने मारले त्याचे नाव ‘मिचेल ग्रास’, तोच तो भूमापक मिचेल. बाभळीवर सोडायला कीटक हवेत म्हणून तिथले शास्त्रज्ञ भारतात हिंडून गेले. इथे बाभळीला खाणारे किडे, बुरशा, शेळ्या, डिंक काढणारे आणि औताचे लाकूड तोडणारे इतके आहेत की ती बांधावर गुमान राहते. तिथे तिला विचारणारे कोणी नव्हते.

तेव्हा प्रश्न झाडाचा नाही, नेणाऱ्याचा आहे. नेणारे बहुतेक वेळा भल्यासाठीच नेतात. निलगिरी डोंगरांवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात काळी आणि चंदेरी वॉटल लावली, सरपणासाठी आणि सालीसाठी. ती उंचावरच्या गवताळ कुरणांत शिरली आणि ती कुरणे परत कशी आणायची यावर तमिळनाडूचे वनखाते अजून झगडते आहे. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते झाले. उघड्या जमिनी झाकायच्या, गावाला जळण द्यायचे, हा हेतू कोणाला नाव ठेवता येईल असा नव्हता. कोकणात आणि गोव्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ त्या लाटेत पसरली. गोव्यात खाणींच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर जिथे काहीच धरत नव्हते तिथे तिने मुळे धरली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. कोकणातल्या पुष्कळ घरांत तिचे जळण गेले, फर्निचरही झाले. पुढे मँजियम ही तिची आणखी एक बहीण आली.

चूक झाली ती सड्यांवर. सडा म्हणजे उघडा, काळा कातळ, वर बोटभर माती, आठ महिने तापलेला तवा. सरकारी दफ्तरात त्याची नोंद पडीक. पण पावसाच्या चार महिन्यांत त्या बोटभर मातीत जे उगवते ते बागाईत मातीत उगवत नाही. सीतेची आसवे आणि दवबिंदू ही सड्यावरची झाडे किडे पकडून खातात. का, तर मातीत नत्र नाही म्हणून. नत्राच्या दुष्काळावर ज्यांचा संसार उभा आहे, त्यांच्या उशाला आपण कातळ फोडून, बाहेरची माती भरून, हवेतून नत्र ओढणारे झाड नेऊन लावले. त्याची जाड, देठाची पाने लवकर कुजत नाहीत, त्यांचा थर खाली साचतो आणि आसवांना ऊन मिळत नाही. केपमध्ये दीडशे वर्षांपूर्वी जे झाले तेच आपण लहान प्रमाणावर केले, आणि तेही केपची गोष्ट छापून आलेली असताना. अलीकडे कातळशिल्पांमुळे राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांकडे जगाचे लक्ष गेले आहे. शिल्पांसाठी का होईना, काही कातळ वाचतील.

रोपे लावण्याच्या मोहिमा दर जूनमध्ये निघतात आणि लावलेल्या रोपांची संख्या हे त्यांचे एकमेव माप असते. जगलेली किती हे कधीकधी विचारले जाते. तिथे आधी काय होते हे मात्र कोणी विचारत नाही. यंदा सड्यावर खड्डे घ्यायला माणसे आली की ग्रामसभेने त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. हे झाड मूळचे कुठले, तिथे पाऊस कोणत्या महिन्यात पडतो आणि तिथे त्याच्या शेंगा कोण खाते? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत कातळाला कुदळ लावू देऊ नये.